घोड्यांवाचून घोडदळ

लष्करी पथकांची थोरवी इतिहास बहुधा जिंकलेल्या लढायांवरून ठरवतो. परंतु अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ च्या पूर्वार्धात बोस्टनजवळच्या रीडव्हिल येथे जे उभे राहिले आणि ज्याला पुरती दोन वर्षेही आयुष्य लाभले नाही, त्या पाचव्या मॅसॅच्युसेट्स घोडदळाचा विचार करू लागलो की हे माप मला फार तोकडे वाटते.

या रिसाल्याचे शिपाई कृष्णवर्णीय होते, अंमलदार गोरे. फ्रेडरिक डग्लस या थोर वक्त्याचा पुत्र चार्ल्स त्यात होता. केंटकीतील दास्यातून निसटलेला, पुढे कविकीर्ती पावलेल्या पॉल लॉरेन्स डनबारचा पिता जोशुआही होता. गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर मिळत असताना कृष्णवर्णीयाच्या पदरी १० आणि त्यातूनही कपड्यांपोटी ३ वजा, हा अन्याय त्या वर्षीच्या जूनपर्यंत सरकारी कायद्यानेच चालला होता. रिसाल्याची कवायत शिकून ही माणसे वॉशिंग्टनला पोहोचली, तेव्हा घोड्यांऐवजी त्यांच्या हाती पायदळाच्या बंदुका देण्यात आल्या, आणि १५ जूनला पीटर्सबर्गजवळ बेलरच्या शेतावर, झाडीतून वाट काढीत, त्यांना तोफांच्या तोंडी पायी जावे लागले. त्यांचा कर्नल रसेल जखमी झाला. तिथे त्यांच्या रांगा मोडल्या असतील, तर त्याचा बोल शिपायांना नव्हे, हुकूम देणाऱ्यांना लावला पाहिजे.

पुढचे अनेक महिने पोटोमॅक नदी जिथे चेसापीक उपसागराला मिळते, त्या पॉइंट लुकआउटच्या बंदिछावणीवर पहारा करण्यात गेले. ज्या पक्षाने दास्य टिकवण्यासाठी शस्त्र उपसले, त्याच पक्षाच्या युद्धकैद्यांवर, कालपर्यंत दास असलेला माणूस बंदूक खांद्यावर घेऊन येरझारा घालीत होता. या कामात पराक्रमाची नोंद होत नाही. पण इतका मोठा उलटफेर कोणत्या रणांगणावर घडला, हे मला सांगता येत नाही.

अखेर घोडे मिळाले. ज्याचे आजोबा आणि पणजोबा राष्ट्राध्यक्ष होते, त्या कर्नल चार्ल्स फ्रान्सिस अॅडम्सच्या मागे हे स्वार ३ एप्रिल १८६५ रोजी जळत्या रिचमंडमध्ये, बंडखोरांच्या राजधानीत, शिरले. तो मान त्यांचाच होता, असे माझे ठाम मत आहे. नंतर त्यांची रवानगी टेक्सासला झाली आणि ३१ ऑक्टोबर १८६५ रोजी क्लार्क्सव्हिल येथे रिसाला बरखास्त करण्यात आला.