अब्बांची साखर

२०११ साली अब्बा न्यूमोनियाने आयसीयूत होते. मोठे डॉक्टर रोज फाईल बघून सांगायचे, ‘साखर ११०च्या आत ठेवा.’ इन्सुलिन चालूच. तिसऱ्या रात्री अब्बा घामाने चिंब झाले, मला ओळखेनात. सिस्टरने बोटातून रक्त घेतलं. साखर ४२! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्यांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. अम्मी बाहेर तस्बीह घेऊन बसली होती. तिला मी आजतागायत सांगितलेलं नाही.

भाचा पुढे डॉक्टर झाला, त्याच्याकडून कळलं. ११० हा आकडा बेल्जियममधल्या २००१च्या अभ्यासातून आला होता. तेव्हा सगळ्यांनाच पटला होता. पण २००९च्या नाइस-शुगर अभ्यासात, आयसीयूतल्या सहा हजारांवर रुग्णांत, साखर इतकी खाली ठेवलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. १८०च्या आत पुरे. दोन वर्षं झाली तरी ही गोष्ट अब्बांच्या खाटेपर्यंत पोचली नव्हती.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट मागते. भाचा हसतो, ‘मामू, काही ठिकाणी सही करायची, जेवायचं, झालं क्रेडिट.’ सगळीकडे तसं नसतं, हेही तोच सांगतो.

त्याच्या वॉर्डात दर गुरुवारी एका रुग्णाचं काय चुकलं यावर बसतात, सिस्टरही असतात. मागच्या महिन्यात त्यानं नाव न घेता नानांची गोष्ट मांडली. एका सिस्टरने विचारलं, ‘त्याआधीची साखर किती वाजता तपासली होती?’

त्यानं मला फोन केला. मलाही सांगता आलं नाही.