ठिपक्याची उंची

इथिल ॲसिटेटचा गोडसर वास आला की टीएलसीची, म्हणजे पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची, सिलिकाचा थर दिलेली काचपट्टी आठवते, आणि तिच्यासोबत वहीतला तो आकडा, आरएफ. ठिपका जितका चढला त्याला द्रावक जितका चढला त्याने भागायचे. उत्तर शून्य ते एक यांच्या दरम्यान. हा आकडा मला प्रिय आहे, म्हणूनच तक्त्यांत तो द्रवणांकाच्या शेजारी, दोन दशांशांपर्यंत, पदार्थाचा जन्मजात गुण असल्यासारखा छापलेला दिसला की खुपतो. आरएफ ०.२५ म्हणजे ढोबळमानाने कुठल्याही क्षणी पाव भाग रेणू द्रावकात आणि उरलेले सिलिकाला बिलगलेले. ही ओढाताण पदार्थ, द्रावक आणि सिलिका अशी तिघांची आहे, पदार्थाची एकट्याची नव्हे. शिवाय सिलिका हवेतली ओल शोषते. ओलावलेल्या थराची पकड सैल होते आणि ठिपका सहसा वर सरकतो. उघड्यावर ठेवलेल्या पट्ट्यांवर कोकणातल्या जुलैत आणि नागपुरातल्या मे महिन्यात एकच आकडा यावा, ही अपेक्षाच चूक आहे. पट्टी ज्या बरणीत उभी करतात तिच्यात द्रावकाची वाफ नीट भरली नसेल, तरी आकडा हलतो.

यावर कोणी म्हणेल, एगॉन श्टाल यांनी १९५०च्या दशकात सिलिकाचा दर्जा आणि कामाची रीत ठरवून दिली, मग अडचण कुठे उरली? पण इतक्या अटी घालाव्या लागतात, यातच आकड्याचे परावलंबन कबूल होते. मग तो टाकून द्यावा का? मुळीच नाही. १९७८ साली स्टिल आणि सहकाऱ्यांनी मिश्रण वेगळे करणाऱ्या फ्लॅश स्तंभासाठी द्रावक निवडताना टीएलसीवर ०.३५च्या आसपासचा आरएफ धरला. वाट दाखवायला तो उत्तम. ओळख पटवायची असेल तर मात्र माहीत असलेला नमुना त्याच पट्टीवर शेजारी चालवावा, आणि दोघे एका उंचीवर आले तरी द्रावक बदलून पुन्हा पाहावे, कारण परक्या पदार्थांचीही उंची जुळते.

श्टालच्या नावापुढे त्यांच्याआधी याच वाटेने गेलेले खारकीव्हचे निकोलाय इझमाइलोव्ह आणि मारिया श्रायबर मागे पडतात, याची मला हळहळ वाटते. १९३८मध्ये त्यांनी काचेवर ॲल्युमिनाचा सुटा थर पसरला, त्यावर वनस्पतींच्या अर्काचा थेंब ठेवला, मग द्रावकाचे थेंब सोडले आणि अतिनील प्रकाशात उमटलेली वर्तुळे पाहिली. त्या पट्टीवर वर-खाली असे काही नव्हतेच. घटक एकमेकांपासून कसे सुटले, एवढेच ते दोघे पाहत होते.