दानाची पाटी आणि हक्काची खाट

परळ स्टेशनच्या पूर्वेला उतरले की माणसांचा एक लोंढा आपोआप रुग्णालयांकडे वळतो. कुणाच्या हातात एक्स-रेचा मोठा लिफाफा, कुणाच्या पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी. गावाकडून आलेला एखादा समाजबांधव विचारतो, "केईएमला कसं जायचं, दादा?" कार्यकर्ता म्हणून पेशंटांच्या सोबतीने ही वाट मी अनेकदा तुडवली आहे. आज वाचकांना घेऊन जातो.

आधी थोडा इतिहास. मुंबई वाढली ती बंदरामुळे. चीनशी कापूस-अफूच्या व्यापारात श्रीमंत झालेल्या सर जमशेटजी जीजीभाईंनी लाख रुपये दिले आणि १८४५ साली भायखळ्याला जे. जे. रुग्णालय सुरू झाले. १८९६ साली बंदरालगतच्या मांडवीत प्लेग फुटला, तेव्हा जे. जे.च्या आवारातील ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९२६ साली परळला महापालिकेचे केईएम उभे राहिले. त्याला जोडलेल्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेजच्या देणगीदारांची अट होती की, येथे हिंदी डॉक्टरच नेमावेत. गोऱ्यांच्या राज्यात ही अट घालणे स्वाभिमानाचे काम होते.

परंतु आपल्या समाजापुढे गोऱ्या साहेबाखेरीज आणखी एक दार बंद होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यातले पाणवठे आपल्याला आठवतात, कारण त्यावरून १९२७ साली महाडचा संग्राम झाला. पण त्याच ठरावात सरकारी दवाखान्यांचाही उल्लेख आहे, हे आपण विसरतो. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची १९२९ सालची हकीकत बाबासाहेबांनी नोंदवून ठेवली आहे. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरेना. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. ती माउली अखेर गेली. औषध होते, डॉक्टर होता, पण हात लावणारे माणूस नव्हते.

म्हणून केईएमच्या वॉर्डात शिरलो की मी आधी खाटांकडे पाहतो. अठराशेच्या वर खाटा, आणि शेजारच्या खाटेवर कोण, हे कोणी विचारीत नाही.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे दुसरा प्रश्न हिशेबाचा. हे चालते कोणाच्या पैशावर? पाटीवर शेठजींचे नाव असते. दान इमारतीला पुरते, रोजच्या खर्चाला नाही. सलाईन, कापूस, पगार, लाँड्री दर महिन्याला लागतात. २०१७ साली बंद होईपर्यंत जकात हा महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. शहरात येणाऱ्या मालावरची जकात अखेर गिऱ्हाइकाच्याच खिशातून जाई. म्हणजे गोदी कामगाराने, मोलकरणीने साबणाची वडी घेतली तेव्हाच या खाटेचे पैसे भरले. येथे येणारा भीक मागायला येत नाही.

आणि चालवते कोण? आया, वॉर्डबॉय, परिचारिका, सफाई कामगार. अत्याचारात जायबंदी झालेल्या आपल्या एका सहकारी परिचारिकेची येथल्या परिचारिकांनी १९७३ ते २०१५ अशी बेचाळीस वर्षे सेवा केली. असला खर्च कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

जवळच दामोदर हॉलची जागा. तेथे ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा आकाराला आली. तेथून परतताना मला तथागतांची कथा आठवते. मळात पडलेल्या आजारी भिक्षूला त्यांनी आनंदासह स्वतः धुऊन स्वच्छ केले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा, असे भिक्षूंना सांगितले.

आपल्या विहाराविहारांतून निदान दोन तरुण तयार व्हावेत, जे अडाणी पेशंटाला केस पेपर काढून देतील, रक्त देतील, औषध नसेल तर विनयाने पण ठामपणे विचारतील आणि आयाबाईंनाही "जयभीम, ताई" म्हणतील. रुग्णालय आपले आहे, तर ते चालवण्याची जबाबदारीही थोडी आपली आहे.

जयभीम!