चुकामूक

मराठी भाषेने काही गोष्टी फार दयाळूपणे सांगितल्या आहेत. बाजारात मूल आईपासून दुरावले, तर आपल्याकडची जुनी माणसे ‘मूल हरवले’ असे चटकन म्हणत नसत. ‘मूल चुकले’ म्हणत. छत्री हरवते, किल्ली हरवते. चष्मा तर हरवण्यासाठीच विकत घेतलेला असतो. मूल मात्र चुकते, म्हणजे वाट चुकते. आणि ज्याला वाट आहे, त्याला ती पुन्हा सापडण्याचीही आशा असते. त्याहूनही मला आवडतो तो ‘चुकामूक’ हा शब्द. त्यात दोष कोणा एकाचा नाही. आई या बाजूला वळली, मूल त्या बाजूला वळले, आणि मधून माणसे गेली. झाले ते एवढेच!

पण हे घरी पाटावर बसून म्हणायला ठीक. दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी दादरच्या रानडे रस्त्यावर ज्याने पाऊल टाकले असेल (किंवा ज्याचे पाऊल इतरांनी पुढे ढकलले असेल), त्याला या ‘एवढेच’मध्ये काय भरलेले असते ते ठाऊक आहे. आपल्याला त्या रस्त्यावर आकाशकंदील दिसतात, तोरणे दिसतात, रांगोळीच्या रंगांचे ढीग दिसतात. तीन फूट उंचीच्या माणसाला यांतले काहीच दिसत नाही. त्याला दिसतात पिशव्यांचे तळ, पुरुषांचे गुडघे आणि साड्यांच्या निऱ्या. आईला चेहऱ्यावरून ओळखायचे ते घरी. बाजारात ते बिचारे तिला पदराच्या काठावरून ओळखते. आणि सणाच्या दिवसांत तसलाच काठ आणखी दहाजणींच्या अंगावर असतो! भलत्याच पदराचे टोक मुठीत धरून मूल चालू लागते. शंभर पावलांवर वर पाहते, तो चेहरा दुसरा!

त्यानंतर जी हाक उठते, ती एकदा ऐकली की विसरता येत नाही. मला नवल वाटते ते त्या हाकेनंतर गर्दीचे जे होते त्याचे. क्षणापूर्वी आपण सारे एकमेकांच्या वाटेतले अडथळे होतो, कोपरांनी बोलत होतो. ती हाक येते, आणि गर्दीची एकदम माणसे होतात. पणत्या विकणारी बाई उभी राहते. कंदीलवाला काठी आडवी धरून जागा करतो. “किती वर्षांचा?”, “अंगात काय आहे?”, “कुठल्या बाजूला शेवटचा पाहिलात?” असे प्रश्न ज्यांच्या तोंडून येतात, त्यांना कोणी नेमलेले नसते. बाईच्या हातातली पिशवी कोणीतरी न सांगता घेतो. रस्त्याच्या दोन्ही टोकांना दोन पोरे धावत जातात.

अनंत चतुर्दशीला गिरगावच्या चौपाटीवर याच कामाला ध्वनिक्षेपक लागतो. तिथल्या घोषणा ऐकण्यासारख्या असतात. नाव काय, तर बाळ. वडिलांचे नाव? बाबा. राहतोस कुठे? घरी. एवढ्या भरभक्कम माहितीवर बिचाऱ्या स्वयंसेवकाने लाखोंच्या समुदायातून एक आई हुडकायची असते. आणि बहुधा ती हुडकली जाते! प्रयागच्या कुंभमेळ्यात राजाराम तिवारी नावाच्या गृहस्थांनी १९४६ साली ‘भूले-भटके शिविर’ सुरू केले आणि २०१६ साली निधन होईपर्यंत ते चुकलेल्यांना घरच्यांच्या हवाली करीत राहिले. आपल्या सिनेमावाल्यांना मात्र इतक्या लवकर भेट झालेली परवडत नाही. ‘किस्मत’मध्ये १९४३ साली हातावरच्या गोंदणाने मुलगा ओळखला जाण्यासाठी शेवटची रिळे यावी लागली, ‘अमर अकबर अँथनी’ने १९७७ साली एकदम तीन भावांना वीसेक वर्षे चुकवून ठेवले. खऱ्या बाजारात आईला एवढा वेळ नसतो. तिला अर्धा तासही वीस वर्षांसारखा जातो.

हे मी जरा अधिकाराने सांगतो, कारण मी स्वतः चुकलेला आहे. १९६३ सालची दिवाळी, ठिकाण लालबाग, आणि माझे वय पुरते पाच. गिरण्यांचा बोनस झालेला, त्यामुळे सारा गिरणगाव बाजारात उतरलेला. आई चिवड्याचे पोहे घेत होती. पैसे मोजायला दोन हात लागतात, तेवढ्यापुरता माझा हात सुटला. आणि त्याच क्षणी पहिली पाळी सुटली. गिरणीचा भोंगा आणि त्यामागून येणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला पुढले सांगायला नको. ती लाट आली आणि माझ्यासह पुढे गेली. ती ओसरली तेव्हा मी कोणत्या तरी भलत्याच दुकानापुढे होतो, आणि समोरून ट्राम खणखणत चालली होती. मुंबईची ट्राम पुढल्याच मार्चअखेर, १९६४ साली बंद झाली. पण आईच्या डोळ्यांपुढे त्या दुपारी पहिले आले ते तिचे रूळच.

मी रडत होतो. एका माणसाने मला उचलले. त्याच्या केसांत कापसाचे बारीक तंतू होते, अंगाला तेलाचा वास होता. “रडा नको रे झिला, तुझी आवस हयच येतली,” तो म्हणाला. मला खांद्यावर घेऊन तो आईला शोधत हिंडेल असे कोणालाही वाटेल. त्याने तसे केले नाही. पदपथावर झेंडूची टोपली घेऊन एक मावशी बसली होती. तिच्या टोपलीमागे त्याने मला बसवले. तिला म्हणाला, “मावशे, ह्याका धर. तू काळोख पडासर हयसून हलाची नाय, म्हणान तुझ्याकडे ठेवतंय.” आणि मग तो एकटाच माझ्या सदऱ्याचा रंग ओरडत बाजारात शिरला. मावशीने माझ्या हातात दोरा दिला आणि फुले ओवायला लावले. रडणे आणि ओवणे ही दोन कामे एकाच वेळी करता येत नाहीत, हे तिला माहीत असावे.

बऱ्याच वेळाने आई आली, त्या माणसामागून जवळजवळ धावत. तिला बोलता येईना. “वैनी, घाबरा नको,” तो म्हणाला, “झील शाणो आसा, जाग्यावरना हललो नाय.” त्याचे नाव आईने विचारले की नाही, ते मला आठवत नाही. मावशीने माझा अर्धा हार पुरा करून तिच्याकडे दिला आणि पैसे घेतले नाहीत.

आज मी हे आठवतो ते उमाळ्यासाठी नव्हे. त्या माणसाची अक्कल मला आता, सत्तरीकडे झुकताना, उमगू लागली आहे म्हणून. चुकलेल्या मुलाला दोन अनोळखी माणसे लागतात: एक जागा न सोडणारा आणि एक हिंडणारा. मूल आणि शोधणारा दोघेही हिंडू लागले की चुकामुकीवर चुकामूक होते. एक जागी राहिला, तरच भेट होते.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली, आणि लालबाग-परळच्या आकाशात चिमण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. तरी बाजार आहे, सण आहेत, गर्दी तर दुप्पट झाली आहे. बदलले आहे ते निराळेच. आपण मुलांना पहिला धडा देतो, “अनोळखी माणसाशी बोलायचे नाही.” धडा खोटा नाही, जगात तसली माणसे आहेत. पण जे मूल चुकले, त्याच्या भोवती अनोळखी माणसांखेरीज दुसरे असते कोण? आणि तिकडे त्या अनोळखी माणसालाही धडा मिळाला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव हिंडणारे लोक होते. सणाच्या अंकात ही गोष्ट लिहिताना हात अडखळतो. पण ती लिहायला हवी. कारण तेव्हापासून रडणाऱ्या पोराला उचलायला पुढे झालेले किती तरी हात वाटेतच थांबत असतील.

मग भरवसा ठेवावा की न ठेवावा? याच मुंबईतली दुसरी हकीकत सांगतो. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातील सहायक फौजदार राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात १६६ मुली हरवल्याच्या तक्रारी आल्या. त्यांपैकी १६५ सापडल्या. राहिलेली एक मुलगी २०१३ च्या जानेवारीत, सात वर्षांची असताना, शाळेजवळून नाहीशी झाली होती. भोसले २०१५ साली निवृत्त झाले, तरी तिचा शोध त्यांनी सोडला नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ती सापडली, आपल्या घरापासून काही अंतरावरच! तिला आधार दिला तो ती जिथे कामाला होती तिथे काम करणाऱ्या एका बाईने. तिच्या मदतीने मुलीला आपला जुना शोधफलक पाहायला मिळाला. त्यावरचे चार दूरध्वनी क्रमांक बंद होते, पाचवा लागला. तो एका शेजाऱ्याचा होता. मुलीला नेले तेही परक्यांनी, आणि घरी आणले तेही परक्यांनीच. तेव्हा प्रश्न परक्यावर भरवसा ठेवण्याचा नाही, तो कोणत्या परक्यावर ठेवायचा हा आहे.

त्याचे उत्तर झेंडूच्या टोपलीपाशी आहे असे मला वाटते. नातवंडांना मी सांगतो: चुकलात तर धावू नका. आसपास कोणी आपला माल मांडून बसले आहे का पाहा; फुलवाली, पणतीवाला, दुकानातला गल्ल्यावरचा माणूस. ज्याचे पोट त्या जागेला बांधलेले आहे, तो तुम्हांला घेऊन कुठे जाणार? त्याच्याजवळ उभे राहा आणि आईचा दूरध्वनी क्रमांक म्हणून दाखवा. क्रमांक पाढ्यांसारखा पाठ पाहिजे. तो आठवला नाही, तर दहा-नऊ-आठ तरी आठवावा. मुलांसाठीची ही साहाय्यवाणी मुंबईतच १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली, आणि आता ती सरकार चालवते.

मोठ्यांसाठीही सांगणे आहे. रडणारे मूल दिसले तर एकट्याने त्याला घेऊन चालू लागू नये; तिथेच बसावे, शेजारच्या दुकानदाराला आणि आणखी दोघांना हाक मारावी. मुलालाही धीर येतो आणि आपल्यावरही बालंट येत नाही. आणि ज्यांचे मूल अर्ध्या तासात सापडले नाही, त्यांनी “चोवीस तास वाट पाहावी लागते” या समजुतीवर मुळीच विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितले आहे की मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की पोलिसांनी ती गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरण झाले असावे असे धरून तपास करावा. तेव्हा सरळ चौकी गाठावी.

पण बहुतेक वेळा चौकीपर्यंत जावे लागत नाही. मूल सापडते. आई आधी त्याला एक चापट देते, लगेच उचलून उराशी धरते, आणि दोघेही रडतात. आभार मानायचे सुचते तोवर मदतीला धावलेली माणसे पांगलेली असतात. त्यांनाही उटणे घ्यायचे असते, पणत्या घ्यायच्या असतात; त्यांचीही पोरे घरी वाट पाहत असतात. पुन्हा ती गर्दी होऊन जातात, पुन्हा कोपरांनी बोलू लागतात. यंदा अशा गर्दीत कोणाचे कोपर लागले, तर मी फारसा रागावणार नाही.