वाघोबाच्या खिंडीपलीकडे, गळ घेऊन

समुद्रकाठच्या बाईला माशांबद्दल कुणी काही शिकवायला जाऊ नये. बोंबील आजचा की कालचा हे ती दुरून ओळखते, पापलेटचा कल्ला उचलून बघते, आणि भाव करताना सहसा कुणाला हार जात नाही. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, मासा पाण्यातून वर येताना तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलाय? आपली आणि त्याची भेट होते ती थेट पाटीत, नाहीतर विळीवर! म्हणून आज तुम्हाला अशी एक सहल सांगते, की जिथे एक दिवस डोंगरही चढता येईल आणि गळ टाकून स्वतःच्या हाताने मासाही धरता येईल. खर्च बेताचा, मुलं खूश, आणि रात्री घरी येऊन आपल्याच अंथरुणात झोपायचं.

आमचं माहीम म्हणजे पालघरच्या पश्चिमेचं, केळव्याला खेटून असलेलं. मुंबईचं नव्हे बरं का! पालघर स्टेशनपासून सुमारे ८ किलोमीटर. नागवेलीचे पानमळे, नारळ-सुपारीच्या वाड्या, केळव्याचा सुरूच्या झाडांचा किनारा आणि शीतलादेवीचं देऊळ हे सगळ्यांच्या माहितीचं. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतलेले किल्लेही याच पट्ट्यात आहेत. आल्यागेल्याचं तोंड नेहमी समुद्राकडे. पण माहीमहून पालघरला जाताना समोर बघा. पूर्वेला डोंगरांची निळी रांग उभी आहे. आपल्याला तिकडे जायचंय.

निघायचं कधी आणि कसं?

दसरा झाला की निघावं. पाऊस सरलेला असतो, ओहोळ अजून वाहते असतात आणि ऊन सोसण्याजोगं असतं. जानेवारीपर्यंत केव्हाही चालेल. मुंबईकडच्या मैत्रिणींना आता सोपं झालं आहे, कारण २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. पालघरला उतरायचं आणि मनोरच्या रस्त्याची एस. टी. किंवा रिक्षा धरायची. दोन-तीन कुटुंबं मिळून एक गाडी ठरवली तर सगळ्यांत उत्तम. पहाटे सहाला घर सोडावं. डबे रात्रीच भरून ठेवा. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वांग्याची कोरडी भाजी आणि मुलांसाठी गूळपोळी. दही-ताकाच्या भानगडीत पडू नका, उन्हात आंबतं.

पालघर सोडलं की आठेक किलोमीटरवर रस्ता वळणं घेत वर चढतो आणि वाघोबाची खिंड येते. रस्त्याकडेलाच वाघोबाचं देऊळ आहे. येणारा-जाणारा ड्रायव्हर इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. वाघोबा हा वारली लोकांचा देव. दिवाळीच्या आधी वाघबारशीला त्याची पूजा होते. ज्याची भीती वाटते त्याचाच देव करायचा आणि त्याच्या शेजारी नांदायचं, ही केवढी शहाणपणाची गोष्ट आहे! या डोंगरांत बिबट्या आजही आहे, तेव्हा ही पूजा नुसती रूढी म्हणून उरलेली नाही. इथे माकडंही भेटतील. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, आणि मुलांनी कितीही हट्ट केला तरी माकडांना चारू नका. पुढच्या माणसाला ती सवय महागात पडते.

काळदुर्गाची चढण

खिंडीतूनच काळदुर्गाची वाट निघते. उंची सुमारे दीड हजार फूट. ऐकून घाबरू नका, रमतगमत दीड तासात माथा येतो. साडी नेसूनही चढता येतं, पण पंजाबी ड्रेस आणि पट्ट्याचे बूट बरे. चपला मात्र नकोतच. वाट सागाच्या झाडीतून जाते, पायाखाली वाळली पानं चुरचुरतात. वाट फुटते तिथे चुकामूक होऊ शकते, म्हणून पायथ्याच्या पाड्यावरचा एखादा मुलगा बरोबर घ्या आणि त्याला मोकळ्या मनाने पैसे द्या. त्याचा दिवस आपण घेतो, हे विसरू नये.

वर तटबंदी, बुरूज असलं काही नाही. कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि माथ्यावर एक भलामोठा चौकोनी कातळ. पालघरहून दिसतो तोच हा. पण त्याच्याजवळ उभं राहून बघाल तर सकाळपासूनचा सगळा शीण उतरेल. पश्चिमेला पालघरची घरं आणि त्यापलीकडे आपला समुद्र, पूर्वेला डोंगर आणि त्यांतून चकाकत जाणारी सूर्या नदी. आपण ज्या घरात सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटतो ते तिथे कुठेतरी ठिपक्याएवढं आहे, हे एकदा वरून बघावं. मन हलकं होतं. अकराच्या आत उतरायला लागा, नाहीतर कातळ तापतो.

नदीवर गळ

खिंड उतरून मासवणच्या बाजूला गेलं की सूर्या नदी भेटते. ही पुढे वैतरणेला मिळते. वर धामणीचं धरण आहे. नदीला येऊन मिळणारे ओहोळ उथळ आणि सावलीचे असतात. मुलांना घेऊन बसायला तेच चांगले.

सामान अगदी साधं. चार हात लांबीची बांबूची काठी, तेवढीच नायलॉनची दोरी, बारीक गळ, दोरीवर बुडापासून वीतभर वर शिशाचा मणी, आणि तरंगायला मोरपिसाचा देठ नाहीतर बुचाचा तुकडा. आमिषाला ओल्या मातीतली गांडुळं. किळस वाटत असेल तर कणकेत हळद मिसळून घट्ट गोळी करा, छोट्या खवल्या तिलाही येतात. जिथे धार संथ होते आणि दगडाची सावली पडते तिथे गळ सोडायचा आणि गप्प बसायचं. देठ एकदा थरथरला की लगेच ओढू नका. तो पाण्याखाली गेला की मनगटाने हलका झटका द्या. संसारात आपण जेवढा धीर धरतो, त्याच्या दहाव्या हिश्शात मासा लागतो!

मिळतं काय? खवल्या, शिंगट्या, कधी मरळ, दगडाखाली कोळंबी आणि खेकडे. शिंगटीला मुलांना हात लावू देऊ नका. तिच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात, टोचले तर ठणका लागतो. डोक्यामागून फडक्याने धरून गळ सोडवावा. आणि धरणाच्या जलाशयात आपल्या मनाने गळ टाकू नका. तिथल्या मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांना दिलेले असतात, आधी विचारावं.

समुद्रावर मासे धरायला पुरुष जातात आणि विकायला बाया बसतात. डोंगरात मात्र तुम्हाला ओहोळात उतरलेल्या वारली बाया आणि मुली दिसतील. टोपली दगडाशी लावायची, दुसऱ्या हाताने दगड हलवायचा, टोपली उचलायची. झालं! वारली चित्रांतही मासे आणि जाळी भरपूर. डहाणूकडच्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी मासे धरायचं जाळं फार सुंदर काढलं आहे.

आम्ही बसलो होतो तिथे अशाच एका बाईने माझ्या मुलीला दगड कसा हलवायचा ते दाखवलं. पोरीच्या टोपलीत चांगली बोटाएवढी कोळंबी आली. पोर आनंदाने नाचायला लागली. त्या बाईने कोळंबी उलटी करून पोटाखालचा अंड्यांचा पुंजका दाखवला आणि म्हणाली, “पोटुशी हाय, सोड तिला.” मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार? तिने सोडली.

गाबोळीचा मोह

त्या एका वाक्याने मला बाजारातली आपली सवय आठवली. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की नदीतले मासे उलट्या धारेने ओहोळांत, भातखाचरांत चढतात. यालाच वलगण म्हणतात, चढणीचे मासे म्हणतात. ते चढतात कशासाठी? तर अंडी घालायला. पूर्वी पाड्यावरची माणसं टोपल्या लावून एका वेळच्या कालवणापुरते धरायची. आता बऱ्याच ठिकाणी ओहोळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक जाळी ताणतात, आणि सगळाच्या सगळा मासा बाजारात येतो. येतो, कारण आपण मागतो. “गाबोळीचा आहे ना गं?” असं कौतुकाने विचारून दोन पैसे जास्त मोजतो. त्या एका गाबोळीत किती मासे असतात याचा हिशेब मात्र कुणी करत नाही.

समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, हे आपल्याला पाठ आहे. डोंगरातल्या ओहोळावर कोण पहारा ठेवणार? तो पहारा आपल्या पिशवीपाशीच ठेवावा लागेल. पावसाचे पहिले दोन महिने नदीचा गाबोळीचा मासा घ्यायचा नाही, एवढं आपण ठरवू शकतो. त्या दिवसांत सुकं आहे, कडधान्यं आहेत, रानभाज्या आहेत. कुणाचं अडत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. काही ठिकाणी लोक पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून मासे मारतात. लहानमोठा सगळा जीव पांढरा होऊन वर येतो. आणि याच सूर्या नदीच्या पाण्यावर पालघरपासून वसई-विरारपर्यंतच्या घरांचे नळ चालतात! फार स्वस्तात मिळालेला, डोळे पांढरे पडलेला, वेगळाच वास येणारा मासा म्हणूनच घेऊ नका.

एवढं जपा

धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता वाढते. मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, आणि धबधब्याखालच्या डोहात मोठ्यांनीही उतरू नये. शेवाळलेल्या दगडावर उभं राहून फोटो काढायचा मोह टाळा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका. जंगलात चूल पेटवू नका, वाळल्या गवताला ठिणगी पुरते. कचरा परत पिशवीतूनच आणायचा, हे काय सांगायला हवं?

मासे घरी कसे आणायचे? नदीवरच पोट साफ करा, मीठ-हळद चोळा, झाकणाच्या डब्यात घाला आणि वर थर्मासमधून नेलेला बर्फ. घरी आल्यावर चिखलाचा वास जाण्यासाठी तांदळाचं पीठ आणि मीठ लावून खसखसून धुवा, मग चिंचेच्या कोळात पाव तास ठेवा. खवल्या लहान असतात, काटे फार. त्या तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळा, म्हणजे काट्यासकट खाता येतात. शिंगटी आणि मरळ कालवणाला छान. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून तेलावर परता, हळद, चिंच आणि बेताचं पाणी घाला. उकळी आली की मासा सोडा आणि डाव न घालता पातेलंच हलवा. नारळ नको, नदीच्या माशाची चव त्याने झाकते.

आणि एक शेवटचं. या दिवशी स्वयंपाक आदल्या रात्री झालेला असतो, भांडी नसतात, फोन डोंगरात नीट लागत नाही. तेव्हा काठी मुलांच्या किंवा ‘ह्यां’च्या हातात देऊन तुम्ही भाकरी वाढत बसू नका. एक काठी तुमचीही असू द्या. पहिल्या दिवशी मासा लागेलच असं नाही. पण दोन तास वाहत्या पाण्याकडे बघत बसायला मिळणं, हेही वर्षातून एकदा बाईच्या वाट्याला यायला हवं.