शिलेदाराचें घोडें

वस्तु जुनी होणें आणि वस्तु टाकाऊ होणें ह्या दोन अगदीं निराळ्या घटना आहेत, हें आमच्या वाचकांना नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या घरीं आजीच्या वेळचें पितळी पातेलें कल्हई करून अजून वापरांत आहे, त्यांना हा सिद्धान्त अनुभवानेंच पटलेला असतो. परंतु हाच सिद्धान्त मोटारीला लावला कीं भलेभले विचारी लोकहि साशंक होतात. आणि ती मोटार दोनच आसनांची, घडीच्या टपाची, जमिनीलगत धांवणारी अशी असली, तर त्यांच्या शंकेचें रूपांतर कींवेंत होतें. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला हा षोक शोभतो काय, असा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचतां येतो. त्या प्रश्नाशीं वाद घालण्यापेक्षां अशा गाडीचें पालन रोजच्या व्यवहारांत कसें होतें, हें सांगावें असा आमचा विचार आहे.

आम्ही मध्य इंग्लंडांतील एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों, आणि गेलीं १६ वर्षें एकाच गाडींतून रोज १४ मैल जातों व १४ मैल परत येतों. गाडी १९९२ सालची आहे. ती शोभेसाठीं झांकून ठेवलेली नाहीं. केवळ रविवारच्या सहलीला बाहेर काढली जाते, असेंहि नाहीं. भाजी, ग्रंथ, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, भारतांतून आलेल्या पाहुण्यांपैकीं एक (दुसऱ्यास बसनें यावें लागतें) हें सर्व ओझें तीच वाहते.

दोन आसनांची, हलकी आणि चपळ मोटार ही एके काळीं इंग्लंडची खासियत होती. एम. जी., ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली हीं नांवें त्या परंपरेचीं. १९६२ सालची लोटस एलान हें तिचें उत्कृष्ट फळ. पण १९८० सालीं ॲबिंग्डन येथील एम. जी. चा कारखाना बंद झाला, आणि साध्या, स्वस्त रोडस्टरचा वंश इंग्लंडांत जवळजवळ खुंटला. तो पुढें चालविला जपाननें. १९७९ च्या सुमारास बॉब हॉल नांवाच्या अमेरिकन पत्रकारानें माझदा कंपनीचे केनिची यामामोतो ह्यांना सुचविलें होतें कीं, जुन्या इंग्रजी धर्तीची रोडस्टर कोणीं तरी पुन्हां बांधावी. त्या बीजाला फळ येण्यास दहा वर्षें लागलीं. फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत ती गाडी लोकांपुढें आली. परदेशीं तिचें नांव एमएक्स-५; खुद्द जपानांत यूनोस रोडस्टर. १५९७ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें एंजिन पुढें, ओढ मागच्या चाकांना, आणि सर्व मिळून वजन एका टनाहून किंचित् कमी. एप्रिल २०१६ मध्यें ह्या कुळांतली १० लाखावी गाडी तयार झाली. जपानांत वाहतूक इंग्लंडप्रमाणेंच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालते, म्हणून तिकडे वापरलेल्या यूनोस गाड्या पुढें इकडे पुष्कळ आल्या. आमची गाडी त्यांपैकींच एक. तिच्या ऊन अडविण्याच्या झडपेवर जपानी लिपींत चार ओळींची एक चिठ्ठी चिकटविलेली आहे. ती आम्हीं आजवर कोणाकडून वाचून घेतलेली नाहीं. 'सावकाश चालवा' असाच तिचा भावार्थ असावा, अशी आमच्या पत्नीची ठाम समजूत आहे.

ह्या गाडीच्या निर्मितीचे प्रमुख तोशिहिको हिराई ह्यांनीं आपल्या कामासाठीं 'जिन्बा इत्ताई' हें सूत्र धरिलें होतें. स्वार आणि घोडा ह्यांनीं एकजीव व्हावें, असा त्याचा अर्थ. मराठी माणसाला हा अर्थ फोड करून सांगावा लागत नाहीं; मांड म्हणजे काय हें आपल्या इतिहासानें आपल्याला पुरेसें शिकविलें आहे. त्याच इतिहासांतली दुसरी एक जोडी आम्हांला येथें आठवते. मराठ्यांच्या घोडदळांत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. आमच्या गल्लींतले बहुतेक शेजारी आज बारगीर आहेत. दरमहा हप्ता भरून ते तीन-चार वर्षें नवी गाडी वापरतात आणि मुदत संपली कीं परत करून दुसरी घेतात. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. बारगीरहि शूर असत. मात्र बारगिराला घोड्याच्या म्हातारपणाची काळजी वाहावी लागत नसे. शिलेदाराला ती वाहावी लागे, कारण घोडा गेला तर त्याची शिलेदारीच जाई.

ही काळजी म्हणजे फार मोठी विद्या नव्हे. ती बव्हंशीं वेळच्या वेळीं करण्याच्या लहानसहान कामांची यादी आहे. एंजिनांतलें तेल जुनें झालें कीं थंडीच्या सकाळीं वरच्या अंगानें टकटक ऐकूं येते. तेल बदललें म्हणजे ती बहुधा थांबते. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलावा लागतो. ह्या एंजिनाची रचना अशी सुदैवी आहे कीं, तो पट्टा तुटला तरी आंतल्या झडपा व दट्टे एकमेकांवर आदळत नाहींत. गाडी नुसती जागच्या जागीं थांबते. टपाची मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. टप उघडण्यापूर्वीं तिची चेन सोडून ती सपाट निजवावी लागते. नाहीं तर थंडीनें ताठरलेलें प्लॅस्टिक घडीवर चिरतें. आणि सर्वांत महत्त्वाचें काम म्हणजे पन्हळीचें. टपावरचें पावसाचें पाणी आसनांच्या मागें एका पन्हळींत जमतें, आणि दोन्ही बाजूंच्या भोंकांवाटे खालीं वाहून जातें. शरद्ऋतूंत पानें गळूं लागलीं कीं त्यांचा चुरा ह्या भोंकांत बसतो. मग पाणी वाट बदलतें आणि दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या तुळईंत शिरून तेथेंच मुक्काम करतें. म्हणून दर ऑक्टोबरांत आम्ही नायलॉनची जाड दोरी घेऊन हीं भोंकें हलक्या हातानें साफ करतों. पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारणाऱ्या माणसाला ह्या कामाचें मर्म तत्काळ कळेल.

येथेंच ह्या पालनांतला खरा पेंच आहे. यंत्र हें वापरानें टिकतें. जी गाडी महिनोन्महिने झांकून ठेवली जाते तिची बॅटरी उतरते, ब्रेकचे दट्टे जागीं धरतात, रबरी कड्या कोरड्या पडतात. रोज चालणाऱ्या गाडीचें एंजिन मात्र रोज तेल अंगीं लावून व्यायाम करणाऱ्या मल्लासारखें राहतें. पण यंत्राला जो वापर पोसतो, तोच वापर शरीराला खातो. हिंवाळ्यांत येथील रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून खनिज मीठ टाकतात; चेशायर परगण्यांतील विन्सफर्डच्या खाणींतून तें निघतें. मिठानें पाण्याचा गोठणबिंदु खालीं जातो आणि माणसांचे जीव वांचतात, हें खरेंच. पण तेंच खारें पाणी चाकांनीं उडून पत्र्याच्या सांध्यांत बसतें आणि लोखंडाला गंजविण्याचें काम दुप्पट उत्साहानें करतें. कोंकणांतल्या समुद्रकांठच्या घरांच्या खिडक्यांचे गज ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ह्यावर अधिक भाष्य नको. हिंवाळाभर गाडी घरांत ठेवावी तर ती रोजची गाडी राहत नाहीं. ठेवूं नये तर ती फार वर्षें राहत नाहीं.

गेल्या वर्षीं हा पेंच प्रत्यक्ष पुढें उभा राहिला. तीन वर्षांवरील प्रत्येक मोटारीची येथें दरसाल सरकारी तपासणी होते. तपासनिसानें डाव्या बाजूची तुळई बोटानें दाबून पाहिली आणि हातोडीनें ठोकली. आवाज बद्द आला. आसनाचा पट्टा ज्या ठिकाणीं जखडलेला असतो, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आंत पत्रा असा खाल्लेला असेल तर गाडी नापास होते, आणि तें योग्यच आहे; प्रसंगीं त्याच पत्र्यावर माणसाचा जीव टांगलेला असतो. तेथें लुकण भरून वरून रंग देतां येत नाहीं. कुजलेला भाग कापून नवा पत्रा सलग झाळावा लागतो. दोन्ही बाजूंचा खर्च १,८०० पौंड निघाला. गाडीची बाजारांतली किंमत तेवढीहि भरली नसती.

घरीं सभा भरली. मुलाचें म्हणणें, ही गाडी आतां मोडींत द्यावी आणि विजेवर चालणारी लहान गाडी घ्यावी. त्याचे मुद्दे खोडून काढण्यासारखे नव्हते. जुन्या गाडीचा धूर नव्या गाडीच्या धुरापेक्षां वाईट असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. जवळच्या बर्मिंगहॅम शहरानें जून २०२१ पासून मध्यवस्तीभोंवतीं स्वच्छ हवेची हद्द आंखली आहे. आमच्या गाडीनें ती ओलांडली तर दिवसाला ८ पौंड पडतात. आम्ही त्या शहरीं आगगाडीनें जातों आणि ती पट्टी बसविणाऱ्यांना नांवें ठेवीत नाहीं. कायद्याची एक गंमत मात्र आम्हांला मनापासून आवडते. गाडीला ४० वर्षें पूर्ण झालीं कीं ती 'ऐतिहासिक' ठरूं शकते. मग तिला रस्त्याचा कर नाहीं, वार्षिक तपासणीची सक्ती नाहीं, आणि ही हद्दीची पट्टीहि नाहीं. आमच्या गाडीला तो मान पुरा मिळण्यास २०३३ साल उजाडेल. तोंवर ती नवीहि नाहीं आणि पूज्यहि नाहीं. पन्नाशी ओलांडून निवृत्तीपर्यंत न पोंचलेल्या प्राध्यापकाला ह्या स्थितीविषयीं विशेष सहानुभूति वाटावी, हें स्वाभाविक आहे.

आम्ही दुरुस्तीचा निर्णय घेतला. बाजारभाव ही गाडी विकणाराची किंमत आहे. ती चालविणाराची किंमत निराळी असते. कुठल्या भागाला किती वर्षें झालीं, कुठला आवाज रोजचा आणि कुठला नवा, हें आम्हांला ठाऊक आहे. दुसरी जुनी गाडी घेतली असती तर तिच्याबरोबर तिचीं अज्ञात दुखणींहि आलीं असतीं. सुट्या भागांची ददात नाहीं. २०१७ सालीं तर खुद्द मूळ कंपनीनेंच ह्या पहिल्या पिढीच्या गाड्यांचा जीर्णोद्धार करण्याची योजना जपानांत जाहीर केली आणि टपासारखे कांहीं भाग नव्यानें काढण्याचें ठरविलें. टंचाई आहे ती भागांची नव्हे, हातांची.

आमचे मिस्त्री सत्तरीला आले आहेत. त्यांनीं डावी बाजू कापली, नवा पत्रा बसविला आणि असा झाळला कीं सांधा बोटाला लागूं नये. उजवी बाजू त्यांनीं थोडक्यांत निभावली आणि म्हणाले, "ही आणखी पांच वर्षें जाईल. पण तेव्हां मी येथें नसेन. दुकान पुढच्या वर्षीं बंद करणार आहें." त्यांच्या हाताखालीं कोणी मुलगा नाहीं. आजकालच्या तरुण कारागिराला गाडीच्या संगणकाची भाषा येते, आणि ती त्याला यावयासच हवी. पण गंजलेल्या पत्र्यांतला निरोगी पत्रा कोठें सुरू होतो हें ठोकून ओळखण्याची विद्या पुस्तकांत नाहीं. ती हाताकडून हातालाच जाते, आणि मधला एक हात सुटला कीं संपते. आम्ही तीस वर्षें शिकविण्याचा धंदा करतों. ह्या एका वाक्यानें आम्हांला जितकें अस्वस्थ केलें तितकें गाडीच्या गंजानेंहि केलें नव्हतें.

त्याचा परिणाम असा झाला कीं, गेल्या जानेवारीपासून आम्ही दर गुरुवारीं संध्याकाळीं येथील तंत्रविद्यालयांत वेल्डिंगच्या वर्गाला जातों. वर्गांत अठरा-वीस वर्षांचे अकरा मुलगे, एक मुलगी आणि आम्ही. सगळ्यांत वांकडा सांधा बहुधा आमचाच निघतो, आणि ती मुलगी मोठ्या सौजन्यानें आमचा हात धरून अंतर कसें राखावें हें दाखविते. पांच वर्षांत उजवी बाजू आमच्यानें झाळवेल अशी हमी आम्ही देत नाहीं. पण शिलेदारानें निदान नाल ठोकायला शिकावें, एवढें आम्हांला पटलें आहे.

राहिला प्रश्न स्वाराचा. ही गाडी इतकी खालीं आहे कीं तींत बसणें म्हणजे पाटावर बसण्यासारखें आणि उतरणें म्हणजे पंगतींतून उठण्यासारखें आहे. मुलें घराबाहेर गेल्यापासून दुसरें आसन आमच्या पत्नीचें. तपासणीचा निकाल ऐकून त्या शांतपणें म्हणाल्या, "अहो, गाडीच्या आधीं आमच्या गुडघ्यांची परीक्षा घ्या. ती नापास झाली तर त्या नव्या पत्र्यांत बसणार कोण?" ह्या प्रश्नाला अर्थशास्त्रांत किंवा यंत्रशास्त्रांत उत्तर नाहीं. आम्हीं त्यांच्या आसनावर दोन बोटें जाडीची उशी ठेविली, आणि दोघांनीं मिळून एक करार केला. उतरतांना एकानें दुसऱ्याला हात द्यावा. हात द्यावा लागणें हें वैगुण्य मानूं नये. ज्या दिवशीं आधीं उतरलेल्याला बसलेल्यास ओढून उभें करणें जमणार नाहीं, त्या दिवशीं गाडी कुरकूर न करतां एखाद्या तरुण शिलेदाराच्या हवालीं करावी, आणि तिच्याबरोबर तेलाची, पट्ट्याची व पन्हळीच्या सफाईची वहीहि द्यावी. तोंवर सकाळीं आठ वाजतां, पाऊस नसला तर टप उघडून, आम्ही निघतों.