काळा बांध

मी मराठीचा मास्तर. दगडांशी माझा संबंध आजवर ठेच लागण्यापुरताच आला. तरी गेल्या वैशाखात शेणव्याला गेलो तो एका दगडापायीच.

आमच्या वडिलार्जित वरकस जमिनीत काळ्या कातळाची एक ओळ उत्तर-दक्षिण गेली आहे. पुरुषभर रुंद, कमरेइतकी उंच. घरात तिला ‘काळा बांध’ म्हणतात. हा बांध आजोबांनी घातला, तो माझ्या हिश्शात, असे दादांचे म्हणणे. माझे म्हणणे, खरे सांगायचे तर, काहीच नव्हते. पण तीन वर्षे अबोला धरायला काहीतरी कारण लागतेच.

भूशास्त्र शिकणारा भाचा बरोबर होता. त्याने हातोडीने एक कपची उडवली, उन्हात धरून न्याहाळली आणि म्हणाला, “मामा, हा तुमच्या आजोबांचा नव्हे. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे.”

मग दूरवर दिसणाऱ्या माहुलीच्या सुळक्यांच्या साक्षीने त्याने माझी शिकवणी घेतली. हिमालय रेट्याने चुरगळून वर आला. आपल्याकडचा प्रकार उलटा. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर. सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटून पश्चिमेला निघाला, त्या काळात कोकणची जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली.

“भाकरीचा उंडा दोन्ही हातांनी ओढून पाहा. चीर ओढीच्या आडवी जाते.”

म्हणून कोकणातल्या बहुतेक भेगा उत्तर-दक्षिण. त्यांत खालून तप्त रस चढला नि थिजला. पुढे भोवतालचा खडक झिजला, भेगेतला मात्र भिंत होऊन उरला. अशा भिंतीला डाइक म्हणतात. ऑडेन नावाच्या भूशास्त्रज्ञाने 1949 साली पश्चिम भारतातल्या डाइकांवर निबंध लिहिला होता. आणि पनवेलकडे तर लाव्हाचे आडवे थरच समुद्राच्या बाजूला कलले आहेत! त्या वाटेने मी शंभरदा गेलो असेन; कधी मान वर करून पाहिले नाही.

संध्याकाळी कपची खिशात घालून दादांच्या ओसरीवर गेलो. सगळे सांगितले. त्यांनी दगड हातात घेऊन उलटासुलटा केला.

“साडेसहा कोटी? मग सातबारा कुणाच्या नावावर होता?”

मला हसू आवरेना. दादांनाही.

चहा त्यांनी स्वतः आणला. साखर पूर्वीसारखी दोन चमचे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझी साखर बंद केली, हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

मी प्यालो.